मांद्र्याच्या किनाऱ्यावर आम्ही एक कासव 'वाचवलं'

सुरूचं_बन | १९ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर "छान, करून बघते" एवढं लिहून पळणारी. आज मात्र लिहून टाकल्याशिवाय झोप येणार नाही.

गुरुवारी पहाटे पाऊस जरा उघडला म्हणून मी आणि नवरा गोव्यातल्या मांद्र्याच्या किनाऱ्यावर फेरी मारायला गेलो. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजत होता तेव्हा घरातून निघालो, म्हणजे सहा वाजले असणार. जीवरक्षक अजून यायचे होते. सुकती (ओहोटी) होती. रात्रभर समुद्राने आणून टाकलेला सगळा संसार वाळूवर पसरलेला: थर्माकोलचे तुकडे, बाटल्या, एक चप्पल (कायम एकच का येते, दुसऱ्या पायातली कुठे जाते?) आणि हिरव्या जाळ्याचा एक मोठा ढीग. तो ढीग हलला.

आत कासव होतं. मोठं, परातीपेक्षाही मोठं. डोळे अर्धे मिटलेले, मान वाळूवर टाकलेली. पुढच्या डाव्या पायाला, म्हणजे वल्ह्याला, नारिंगी दोरी इतकी रुतली होती की आतलं पांढरं दिसत होतं. तेवढ्यात फिरायला आलेली चार मुलं धावत आली. एकाकडे चाकू होता. वीस मिनिटं खपून आम्ही जाळं कापलं. नारिंगी दोरी मात्र निघेना, ती मांसातच गेली होती. मग "पाण्यात सोडूया, पाण्यात गेलं की बरं होईल" असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. उचलून लाटेत ठेवलं, लाटेने परत आणलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मुलं कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि त्यांनी जोर लावून ढकललं. गेलं. टाळ्या. एकाने व्हिडिओ केला होता, तो आमच्या गावच्या तीन ग्रुपांवर फिरून मलाच परत आला.

शुक्रवारी दुपारी आश्व्याच्या बाजूला कावळे जमलेले दिसले. तेच कासव. नारिंगी दोरी तशीच.

मला सांत्वन नको आहे. आमचं नेमकं काय चुकलं, ते कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

नुस्तो_वाचपी | १९ जुलै, रात्री ११.५८

वाईट वाटलं वाचून. तुमची भावना चांगली होती हो. जाणारं ते गेलंच असतं.

---

गोरवांचो_दोतोर | २० जुलै, सकाळी ७.१५

ताई, सांत्वन नको म्हणालात म्हणून सरळ लिहितो. मी पशुवैद्य, आयुष्य गाईम्हशींत गेलं. पण किनाऱ्याजवळ नोकरी असल्यामुळे अशा चार-पाच कासवांवर हात लागला आहे, आणि जे येत नव्हतं ते जाणत्या लोकांना विचारून शिकलो.

आधी एक सांगा. त्याची शेपूट कशी होती? कवचाच्या बाहेर आलेली, लांब, की नुसतं टोक?

---

सुरूचं_बन | २० जुलै, सकाळी ७.३२

लांब होती. वीतभर तरी नक्की. आमच्यातला एक मुलगा त्यावरून हसलाही होता.

---

गोरवांचो_दोतोर | २० जुलै, सकाळी ८.०५

म्हणजे वयात आलेला नर. आता हे बघा. समुद्री कासवाचा नर पिल्लू असताना वाळूवरून एकदा समुद्रात जातो, त्यानंतर जन्मभर जमिनीवर त्याचं काही काम नसतं. मादी येते, तीही अंडी घालायला, आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात आणि बहुतेक रात्रीच. जुलै महिन्यात दिवसाउजेडी किनाऱ्यावर पडलेलं कासव, नर असो वा मादी, 'वाट चुकलेलं' नसतं. त्याला पोहणं झेपत नाही म्हणून लाटांनी त्याला बाहेर टाकलेलं असतं. ते आजारी माणूस आहे असंच धरा.

कासव मासा नव्हे. त्याला आपल्यासारखी फुप्फुसं आहेत, श्वासाला वर यावंच लागतं. निरोगी असेल तर एका दमात बराच वेळ खाली राहील. पण जाळ्यात अडकून रात्रभर धडपडलेल्याचा दम संपलेला असतो, बऱ्याचदा फुप्फुसात पाणी गेलेलं असतं, एक वल्हं निकामी झालेलं असतं. त्याला खोल पाण्यात ढकलणं म्हणजे जीवरक्षकाने बाहेर काढलेल्या माणसाला "घरी जा" म्हणून पुन्हा समुद्रात लोटण्यासारखं आहे. दोनदा लाटेने परत आणलं म्हणता, तेव्हाच ते सांगत होतं की मला जमत नाही.

पुढच्या वेळी काय करायचं? लोळणारं जाळं कापून ओझं कमी करा, ते तुम्ही बरोबर केलंत. मांसात रुतलेली दोरी मात्र उपटायची नाही. ती सोडवताना रक्त सुटतं, ते काम टेबलावरच व्हायला हवं. लाटा पोचणार नाहीत अशा जागी सावलीत ठेवा. वल्ह्यांना धरून उचलायचं नाही, सांधा निखळतो. कवचाला दोन्ही बाजूंनी धरायचं. ऊन असेल तर ओलं फडकं कवचावर, नाकपुड्या मोकळ्या. तोंडात पाणी ओतू नका, खायला देऊ नका, गोड्या पाण्याच्या टबात बुडवू नका. कुत्र्यांना आणि मोबाइलवाल्यांना लांब ठेवा. आणि जीवरक्षकांना किंवा वन खात्याला लगेच कळवा. आपल्याकडच्या किनाऱ्यांवरच्या 'दृष्टी' कंपनीच्या जीवरक्षकांना जखमी सागरी प्राण्यांची सवय आहे, ते पुढे निरोप देतात.

आणखी एक. ही कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. घरी नेऊन हौदात ठेवणं वगैरे भूतदया अंगाशी येऊ शकते.

जाणारं ते गेलंच असतं का? ठाऊक नाही. एक वल्हं गेलेली कासवं जगलेली आहेत.

---

सुरूचं_बन | २० जुलै, सकाळी ९.२०

धन्यवाद डॉक्टर. दोनदा परत आणलं ते वाक्य तीनदा वाचलं.

---

रांपणकाराचो_पूत | २० जुलै, दुपारी १.१०

दोतोर, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले एक राहिलं. कधीकधी जाळ्यातून निघालेलं कासव पार मेल्यासारखं असतं. हात लावला तरी हलत नाही, मान लोंबते. लोक तसंच समुद्रात फेकतात आणि मग ते खरंच मरतं. माझे आजोबा अशा कासवाला होडीत पोटावर ठेवायचे, मागच्या बाजूला खाली दोरखंडाचं वेटोळं सारायचे, म्हणजे ढुंगण वर आणि डोकं खाली. आणि म्हणायचे, "मरूंक ना तें, दमलां." अर्धा दिवस तसं ठेवलं की तोंडातून पाणी गळायचं, मग हळूच एक वल्हं हलायचं.

हे कोणत्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. कासव मेलं तर मासळी रुसते असं त्यांच्या पिढीत मानायचे. देवळात देवासमोर दगडाचं कासव असतं ना, रांपण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला जाताना त्यालाच पाया पडून जायचे.

---

गोरवांचो_दोतोर | २० जुलै, दुपारी १.४५

आजोबांना दंडवत. आज जगभरच्या मच्छीमारांना शिकवतात ते हेच. मागची बाजू वीतभर उंच, सावली, अंग ओलसर, आणि चोवीस तासांपर्यंत धीर. हालचाल नाही म्हणजे मेलं असं नव्हे. डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलकेच बोट लावून अधूनमधून बघत राहायचं.

---

आकडेमोड | २० जुलै, दुपारी ३.३०

थोडा कडू प्रश्न विचारतो, हलकं घ्या. आपल्या किनाऱ्यावर येणारं ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासवांतलं सगळ्यात जास्त संख्येने असलेलं कासव. ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे एकेका हंगामात लाखांनी माद्या येतात. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ते 'असुरक्षित' गटात आहे, 'अतिसंकटग्रस्त' गटात नाही. वरून हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं म्हणतात. मग एका नरासाठी एवढी हळहळ कशाला? तेवढ्या वेळात शंभर पिल्लं सोडली तर?

---

वेंगुर्ल्याची_लाट | २० जुलै, सायंकाळी ६.०५

आकडेमोड, तुमच्याच आकड्यांनी उत्तर देते. मी सिंधुदुर्गात घरटी राखण्याच्या कामात सहा हंगाम काढलेत.

एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी. हजारातलं एक मोठं होतं हा अंदाज धरला तर एक वयात आलेलं कासव म्हणजे आठ-दहा घरटी. आठ-दहा घरटी म्हणजे काय ते आम्हाला विचारा. पहाटे चारला उठून किनारा पालथा घालणं, कुत्री हाकणं, पन्नास-पंचावन्न दिवस राखण. शिवाय पिल्लू वयात यायला बारा-पंधरा वर्षं लागतात. तुम्ही आज शंभर पिल्लं सोडलीत तर त्यांतलं एखादं उरलंच, तर तुमची मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा ते अंडी घालायला येईल. तो मेलेला नर आजच वयात आलेला होता. पंधरा वर्षांचं व्याज त्याच्यावर जमा झालं होतं.

आणि ओडिशाचे लाख ते ओडिशाचे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तशी सामूहिक अंडी घालणं नाही, इथे माद्या एकट्या-दुकट्या येतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या तुमच्या चार किनाऱ्यांवर एका रात्रीत दोन माद्या आल्या तरी राखणदार एकमेकांना फोन करतात. अर्थात पूर्व आणि पश्चिम असं कडक कुंपणही नाही. २०२१ मध्ये ओडिशात वल्ह्याला टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. आणि २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. त्याआधीच्या वर्षी वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी अशा पाच जणींना टॅग लावले होते. आमच्याकडे लोक त्यांचे नकाशे मोबाइलवर असे बघायचे जशी मुंबईहून निघालेली गाडी कुठवर आली ते बघतात.

---

आकडेमोड | २० जुलै, सायंकाळी ६.४०

व्याजाचा हिशेब पटला. माघार.

---

शॅकवालो | २० जुलै, रात्री ९.१५

सगळं ठीक. पण मोरजीत धंदा करणाऱ्याची बाजू कोणी मांडणार आहे का? ताईंचं कासव जाळ्याने मारलं, पण दर नोव्हेंबरला दंडुका आमच्यावर. दिवा लावू नका, संगीत नको, खुर्च्या मागे घ्या. आमच्या आजोबांची माडांची बाग होती तिथे. बाहेरून येऊन मोठी हॉटेलं बांधली त्यांना कोणी विचारत नाही, आमच्या चार टेबलांवर मात्र नोटीस. एकदा तर एका अधिकाऱ्याने माझ्या टपरीतला ट्यूबलाइट 'जप्त' केला आणि शेजारी शंभर फुटांवर लेझर नाचत होते. मी कासवांच्या विरोधात नाही. गिऱ्हाईक कासवासाठीच येतं हेही मला कळतं.

---

सुरूचं_बन | २० जुलै, रात्री ९.४०

दादा, तुमचा राग समजतो, पण किनाऱ्यावर खुर्च्या असायलाच हव्यात का? हा माझा साधा प्रश्न.

---

शॅकवालो | २० जुलै, रात्री ९.५२

आणि तुम्ही सकाळी फिरून परत येताना चहा कुठे पिता, बाय?

---

वेंगुर्ल्याची_लाट | २० जुलै, रात्री १०.३०

भांडू नका. शॅकवाले दादांचं अर्धं म्हणणं खरं आहे. नियम कागदावर सगळ्यांना सारखा आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे, त्यात मांद्रे, मोरजी, गालजीबाग, आगोंद ही नावं घालून कासवांच्या घरट्यांच्या जागा म्हणून उल्लेख आहे. त्यात लेझरवाल्याला सूट नाही.

पण दिव्याचं कारण काय ते गिऱ्हाइकाला सांगितलंत तर तेच दिवा मालवतात, हा माझा अनुभव. पिल्लू रात्री वाळूतून वर येतं तेव्हा त्याला समुद्र 'दिसत' नाही. क्षितिजावर जिकडे उजेड जास्त तिकडे ते धावतं. लाखो वर्षं तो उजेड म्हणजे पाण्यावरचं आभाळ होता. मागे ट्यूबलाइट असला की ते ट्यूबलाइटकडे धावतं, आणि सकाळी जनरेटरच्या मागे सापडतं. मादीचं वेगळंच. ती उजेड, हालचाल, आवाज बघून लाटेतूनच परत फिरते. मंद लाल किंवा तांबूस दिवा, खाली वळवलेला, समुद्राकडच्या बाजूला आड लावलेला, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पडदा टाकला तरी चालतो. फार खर्च नाही हो.

---

काणकोणची_मावशी | २१ जुलै, सकाळी ६.३०

मी वयाने तुम्हा सगळ्यांत मोठी असेन. नातीने हा धागा दाखवला. एक कबुली देते. आमच्या लहानपणी गालजीबागच्या बाजूला आम्ही कासवाची अंडी खाल्ली आहेत. चोरून नाही, उजळ माथ्याने. बाजारातही येत. मामा पहाटे काठी घेऊन जायचे. मादीच्या चालीची वाळूवर खूण असते, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखी. ती जिथे विस्कटलेली दिसते तिथे काठी हळूहळू खुपसायची. एका जागी काठी सहज आत गेली आणि टोक ओलं, चिकट आलं की खणायचं. पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी, मऊ अंडी. उकडली तरी पांढरं नीट घट्ट होत नाही.

मामांना कोणी दुष्ट म्हणू नये. सात पोरं होती घरात. पुढे खात्याची माणसं आली, कायदा सांगितला, तेव्हा घरटं कुठे आहे ते दाखवायला मामाच पुढे झाले. ज्याला चोरता येतं त्यालाच राखताही येतं. शहरातून आलेल्या शिकलेल्या पोरांना ते घरटं दोन फुटांवर असून दिसत नव्हतं.

---

गोरवांचो_दोतोर | २१ जुलै, सकाळी ७.४०

मावशी, हा प्रतिसाद धाग्याच्या वर बांधून ठेवायला हवा.

अवांतर: रिडलेची चाल आळीपाळीची असते, डावं-उजवं, डावं-उजवं. मोठं हिरवं कासव दोन्ही वल्ही एकदम मारत येतं, त्याची खूण दोन्ही बाजूंना सारखी पडते. मामांना तेही कळत असणार.

---

रांपणकाराचो_पूत | २१ जुलै, दुपारी १२.२०

जाळ्याचं बोलायचं टाळत होतो, पण शॅकवाल्याने विषय काढलाच. "मच्छीमारांनी जाळी टाकून दिली" असं दर पावसाळ्यात कोणीतरी लिहितं. जाळं किती पैशांना येतं ते माहीत आहे? आमच्या घरात सोन्यानंतर जाळंच. ते हौसेने कोण टाकेल? रात्री पसरून ठेवलेल्या जाळ्यावरून मोठा ट्रॉलर जातो, अर्धं घेऊन जातो, अर्धं तळाला. खडकात अडकलं की कापून सोडावं लागतं. पूर्वी सुताचं जाळं होतं, कुजून जायचं. हे नायलॉन कुजत नाही. धन्याशिवाय वर्षानुवर्षं मासे मारत फिरतं. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद, तरी नेमकी त्याच दिवसांत कासवं जाळ्यात अडकून येतात. का? कारण खवळलेला समुद्र तळाची जुनी जाळी उचलून किनाऱ्याला आणतो.

एक मात्र मान्य करतो. सगळा दोष अशा बेवारस 'भुतांच्या' जाळ्यांचा नाही. ट्रॉलचं जाळं तासन्‌तास ओढतात, त्यात सापडलेलं कासव वर येईपर्यंत गुदमरतं. एलईडी लावून मासेमारी २०१७ पासून बंद आहे म्हणतात. रात्री आमच्या अंगणातून समुद्राकडे बघा, दिवाळी दिसते.

---

आकडेमोड | २१ जुलै, दुपारी २.००

ट्रॉलसाठी तो सापळा असतो ना, कासव बाहेर काढणारा?

---

वेंगुर्ल्याची_लाट | २१ जुलै, दुपारी २.४५

टेड म्हणतात. जाळ्याच्या गळ्यात तिरकी जाळी, गजांची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना आपटून वरच्या झडपेतून बाहेर निसटतं. आपल्याकडच्या ट्रॉलना बसेल असं बनवलेलंही आहे. अडचण अशी की थोडी मासळीही झडपेतून जाते, आणि ट्रॉलरवाला ती आपल्या खिशातून गेली असं मोजतो. गंमत म्हणजे खिसा त्याच कारणाने कापला गेलाच आहे. टेड नाही म्हणून समुद्रातून पकडलेली आपली कोळंबी अमेरिका २०१९ पासून घेत नाही.

---

नुस्तो_वाचपी | २१ जुलै, दुपारी ४.१०

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: घरटी उचलून कुंपणात नेतात ती बरोबर की चूक? आमच्याकडे यावरून मित्रांत वाद झाला.

---

वेंगुर्ल्याची_लाट | २१ जुलै, सायंकाळी ७.००

जागेवर राहू देता आलं तर सगळ्यात उत्तम. भरतीचं पाणी पोचणार असेल, कुत्र्यांचा कळप असेल किंवा माणसांची वर्दळ, तर हलवायचं. पण अंडी घातल्यापासून काही तासांतच. नंतर आतला जीव कवचाला चिकटतो, मग अंडं उलटं-सुलटं झालं की संपलं. नवा खड्डाही मादीने केला तसाच हवा, हातभर खोल, घागरीसारखा, वर अरुंद आणि खाली फुगीर. वाळूच्या उबेवरून नर की मादी ते ठरतं. वाळू जास्त तापली की सगळ्या माद्या, थंड असली की नर. त्यामुळे उघड्या रखरखीत जागी कुंपण घातलं तर तुम्ही नकळत मुलीच जन्माला घालता. आम्ही वर हिरवं नेट बांधतो. मर्यादवेल पसरलेली असेल तर ती उपटत नाही, वाळू तीच धरून ठेवते.

आणि पिल्लं बाहेर आली की लगेच सोडायची. एका ठिकाणी पाहुणे यायचे म्हणून पिल्लं टबात दुपारपर्यंत थोपवून धरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पिल्लाच्या अंगात पहिल्या दिवसाच्या पोहण्यापुरती शिदोरी असते, ती टबाच्या भिंतींवर धडका मारण्यात संपते. तेव्हा गप्प बसले, त्याचं वाईट वाटतं. हातात घेऊन पाण्यात ठेवणंही नको. वाळूवरून त्याचं त्याला चालू द्या.

---

सुरूचं_बन | ११ ऑगस्ट, रात्री १०.१५

धागा वर काढते. आज पुन्हा एक मिळालं.

सकाळी पावणेसात, हरमलच्या बाजूला. या वेळी मादी, शेपटीचं नुसतं टोक. पुढच्या उजव्या वल्ह्याला जाळ्याचा फास, अंगावर कवड्यांसारखे शंखजीव चिकटलेले. मी तिला हलवलं नाही. नवऱ्याला जीवरक्षकांच्या मनोऱ्याकडे पळवलं आणि छत्री उघडून तिच्यावर धरून बसले. लोंबणारं जाळं कापलं, फास तसाच ठेवला.

ते अडीच तास कसे गेले ते माझं मला माहीत. पंधरा-वीस माणसं जमली. "अहो पाण्यात सोडा, मरेल ती", "काय बघत बसलाय, माणुसकी आहे की नाही", एका बाईंनी बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर ओतायला घेतलं तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. महिन्यापूर्वी मी त्याच बाजूला उभी होते, त्यामुळे उत्तरही देता येईना. तिच्या डोळ्यांतून घट्ट पाणी वाहत होतं. एक मुलगा म्हणाला, रडतेय. डॉक्टर, खरंच रडतात का?

शेवटी खात्याची गाडी आली. दोघांनी कवचाला धरून ओल्या गोणपाटावर घेतली आणि नेली. पुढचं कळलं नाही.

---

गोरवांचो_दोतोर | १२ ऑगस्ट, सकाळी ६.५०

रडत नाहीत. समुद्राचं खारं पाणी पोटात जातं, त्यातलं मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. पाण्यात असताना दिसत नाही एवढंच.

चिकटलेले शंखजीव तुम्ही खरवडले नाहीत ना? छान. ते खूप असले म्हणजे ती बरेच दिवस धड पोहत नव्हती, नुसती तरंगत होती.

---

गोरवांचो_दोतोर | २६ ऑगस्ट, रात्री ८.३०

सुरूचं_बन, विचारून विचारून कळलं. उजवं वल्हं कापावं लागलं. तीन दिवस काही खाल्लं नाही. परवापासून बांगड्याचे तुकडे घेते आहे. अजून नीट बुडी मारता येत नाही, एका बाजूला कलते. सोडायची घाई कोणी करणार नाही.

---

शॅकवालो | २६ ऑगस्ट, रात्री ९.०५

बरं वाटलं. ऑक्टोबरात शॅक उभा राहील तेव्हा समुद्राकडचे दिवे लाल लावतो. शेजारचा लेझर मात्र तुम्ही बंद करवा.

---

रांपणकाराचो_पूत | २७ ऑगस्ट, दुपारी १२.४०

ताई, त्या दोन्ही जाळ्यांचं काय केलंत? असतील तर वडिलांना दाखवा. आसा (जाळ्याचं भोक) बघून, गाठ बघून ते सांगतील कोणत्या मासळीचं आणि कोणत्या बाजूचं ते.

---

सुरूचं_बन | ३१ ऑगस्ट, सायंकाळी ६.२०

आज जाऊन आले. तुमच्या वडिलांनी चष्मा लावला, जाळं गुडघ्यावर पसरलं, एकेक गाठ बोटांनी चाचपली. पहिलं हिरवं ट्रॉलचं, शेपटाकडचा तुकडा, "आमच्या गावचं न्हय." दुसऱ्याला मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे सुरमईचं, हाताने दुरुस्त केलेलं, ही गाठ आपल्याच वाड्यावरची. कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चहा झाला.

निघताना ते जाळं त्यांनी ठेवून घेतलं. मिरच्यांच्या वाफ्यावर टाकतो म्हणाले, मोर फार येतात.

---

गोरवांचो_दोतोर | ३१ ऑगस्ट, सायंकाळी ६.५५

त्यांना सांगा, ताणून बांधा, सैल सोडू नका. मोर अडकला तर तोही अनुसूची १ मध्येच आहे आणि सोडवायला परत मलाच यावं लागेल.